चहाला तीन सह्या

१५ मार्च, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. ठाम.

सहा वह्या आणल्या. एकसारख्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. पाच कामासाठी, आणि ही सहावी माझी खासगी. हिच्यात कुणी डोकवायचं नाही.

कारण मोठं आहे. आमचं ऑफिस म्हणजे औषधांचं कोल्ड स्टोरेज. लसीचा खोका कारखान्यातून निघतो, ट्रकमध्ये चढतो, आमच्याकडे येतो, मग दवाखान्यात जातो. वाटेत तो गरम झाला की जो तो आपली वही दाखवतो आणि दुसऱ्याकडे बोट करतो. म्हणून सगळ्यांची मिळून एकच नोंदवही करायची, ब्लॉकचेनवर, असं आमच्या मोठ्या बाईंच्या मनात आहे. कोणतं नेटवर्क घ्यायचं, याचा तौलनिक रिपोर्ट त्यांना हवाय. मुद्दे दोन: स्केलेबिलिटी, म्हणजे किती भार किती वेगाने पेलतं, आणि विकेंद्रीकरण, म्हणजे ते किती जणांच्या हातात आहे. ११ एप्रिल, सकाळी नऊ वाजता प्रेझेंटेशन. ज्याचा रिपोर्ट पास, तो नोंद विभागाचा प्रमुख.

स्पर्धक एकच. शेजारच्या टेबलावरचा होयबा. बाई पंखा लाव म्हणाल्या की हा पंखाही लावतो आणि खिडकीही उघडतो. मला त्याची आतापासूनच दया येते.

१७ मार्च

वाचन. बिटकॉइन: सेकंदाला जेमतेम सात व्यवहार, दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे नोंदींचं एक पान. पण वही हजारो लोकांकडे, त्यामुळे कुणा एकाला खाडाखोड करता येत नाही. इथेरियम: बारा सेकंदांना ब्लॉक. आणखी काही नेटवर्क्स सेकंदाला हजारो व्यवहार करतात, पण त्यांना मशीन इतकं दांडगं लागतं की साधा माणूस बाहेरच राहतो.

थोडक्यात, माणसं जास्त तर काम हळू. काम झटपट हवं तर माणसं मोजकी. वेग, विकेंद्रीकरण आणि सुरक्षितता, तिन्ही एकदम मिळत नाहीत, असं तज्ज्ञ म्हणतात. तज्ज्ञांनी प्रयत्नच केलेला दिसत नाही.

मी घरी प्रयोग करणार. होयबा इंटरनेटवरून आकडे उचलेल. मी अनुभव मांडणार.

१८ मार्च, संध्याकाळी

नेटवर्क सुरू! पाच नोड, म्हणजे वही सांभाळणारे पाच जण: मी, बायको, लेक, सासूबाई आणि मेहुणा. मेहुणा लिफ्ट दुरुस्त करतो, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो आणि चहाला वर येतो.

नियम. एक: घरातली प्रत्येक घटना ज्याची त्याने स्वतःच्या वहीत लिहायची आणि इतरांनी ती उतरवून घ्यायची. दोन: तीन सह्या झाल्या की ती खरी. तीन: पेननेच लिहायचं, खोडायचं नाही. चार: तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही.

सासूबाईंना वाटलं मी नोंद म्हणतोय. त्यांना समजावलं की नोंद नव्हे, नोड. तुम्ही नोड आहात. त्या म्हणाल्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, आता स्वतःच नोंद झाले. पुढे विचारलं, की कोणत्या ब्लॉकला चेन लावलीय, खालच्या की वरच्या. हात टेकले.

सासूबाईंनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. एक वेलांटी चुकली तरी पान परत जायचं म्हणतात. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार महिने झाले, डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या तारखेची वाट बघताहेत. तोवर त्यांचं एकच म्हणणं, की डोळे आले की पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं स्वतः वाचीन.

बायको बस डेपोच्या कंट्रोल रूममध्ये आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, एक ना धड, भाराभर चिंध्या. ही तोंडी टीका असल्यामुळे धरली नाही.

२० मार्च

आकडे उत्तम. आज चहाची विनंती ७.०५ला, तिसरी सही ७.२२ला. मेहुणा आंघोळीला गेला होता, नाहीतर सतरा मिनिटं लागलीच नसती. चहा तोवर गार. पण कुणाचा चहा, किती साखर, कुणी केला, यावर आता जगात कुणीही वाद घालू शकत नाही. हे यश कुणाच्या लक्षातच येत नाही, हीच तर अडचण आहे.

२४ मार्च

छे! वैताग. सकाळी दूध उतू गेलं. मी ओट्यापाशीच होतो, गॅस बंद करायला हात पुढे केलाही होता. पण गॅस बंद करणं ही घटना आहे, आणि लेक सही द्यायला तयार नाही. ती म्हणे आधी बंद करा, मग सही. म्हणजे आधी कृती, मग मान्यता! कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकते आणि घरात ही शिस्त. या वादात दूध संपलं.

बायकोने वहीत लिहिलं: दूध उतू गेलं, कारण बाबा. तीन सह्या लागलीच पडल्या. चौदा सेकंदांत.

म्हणजे वेग येऊ शकतो. लोकांची इच्छा नाही एवढंच.

२९ मार्च

बायको म्हणते हा बारभाईचा कारभार बंद करा. बस डेपोत एक माणूस मायक्रोफोनवर बोलतो आणि नव्वद बसेस हलतात, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, तो एक माणूस चुकला तर? ती म्हणाली, मी चुकत नाही. हेच ते केंद्रीकरण! रिपोर्टमध्ये उदाहरण म्हणून घालणार, नाव न घेता.

२ एप्रिल

लेकीने राजीनामा दिला. वही फ्रिजवर ठेवून गेली. परीक्षा आहे, म्हणे. एक नोड ऑफलाइन. खरं नेटवर्क अशाने डगमगत नाही. मला वाईट वाटलेलं नाही.

मात्र वेग वाढवायला हवाय. होयबाने म्हणे तेवीस पानं लिहून काढली. माझं अजून शीर्षकच चाललंय.

४ एप्रिल, दुपारी

सापडलं! ऑफिसात जेवताना सुचलं. मोठी नेटवर्क्स काय करतात? प्रत्येक व्यवहार वेगळा तपासत बसत नाहीत, गठ्ठ्याने घेतात. मग आपणही गठ्ठा करू. मेहुण्याने पुढच्या दहा कोऱ्या पानांवर आधीच सह्या करून द्यायच्या. त्याला लिहायचा कंटाळा, त्यामुळे तो सासूबाईंच्या वहीतून जसंच्या तसं उतरवतो. मी मेहुण्याच्या वहीतून उतरवतो, कारण त्याचं अक्षर मोठं आहे.

निकाल: चहा, पावणेदोन मिनिटं.

वेगही आला, विकेंद्रीकरणही राहिलं. तज्ज्ञांना पत्र लिहावं का?

सासूबाईंनी विचारलं, की न वाचता सही म्हणजे कसली सही. त्यांच्या छापखान्यात तसं चालत नसे. जुन्या माणसांचं काय, नवीन काही दिसलं की आधी नाक मुरडायचं.

७ एप्रिल, सकाळी ८.१५

गडबड. बायको पाच दिवसांच्या ट्रेनिंगला निघाली. खाली गाडी हॉर्न वाजवतेय, ही एका हाताने बॅग भरतेय, आणि तेवढ्यात डोळ्यांच्या हॉस्पिटलचा फोन आला. मिळाली तारीख! सासूबाई आंघोळीला होत्या. बायको मला तारीख सांगायला लागली, तर मी दोन्ही कानांत बोटं घातली. नियम चार. लिही म्हटलं. तिने जो काही कटाक्ष टाकला, तो इथे लिहिता येणार नाही. पण लिहिलं. वही माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी, आईला तूच न्यायचंस, मी हॉस्पिटलला तुझा नंबर दिलाय. आणि गेली.

मी तिची वही न उघडता सासूबाईंपुढे ठेवली. प्रत्येक नोडने स्वतंत्रपणे उतरवून घेतलं पाहिजे. त्या भिंग घेऊन अर्धा तास बसल्या होत्या. बघून बरं वाटलं. किती सहभाग!

९ एप्रिल

होयबाने मला त्याचा रिपोर्ट वाचायला दिला. विचारतो, काही चुकलं असेल तर सांगा. साधा माणूस. लिहिलंय काय, तर सार्वजनिक नेटवर्क आपल्याला नको. आपले भागीदार अकरा, सगळे ओळखीचे. तेवढ्यांचंच छोटं नेटवर्क पुरे. आणि खरा प्रश्न वेगाचा नाहीच, थर्मामीटर बघून पहिला आकडा लिहिणारा माणूस नीट बघतो का, हा आहे. पहिलाच आकडा चुकला, तर तो हजार ठिकाणी जपून ठेवून काय मिळणार?

थर्मामीटर! माणूस ब्लॉकचेनबद्दल बोलतोय आणि याचं लक्ष थर्मामीटरवर. नाचता येईना, अंगण वाकडं. मी त्याला छान आहे म्हटलं.

१० एप्रिल, संध्याकाळी ६.३०

ऐतिहासिक दिवस. उद्याच्या प्रेझेंटेशनसाठी सगळ्या वह्या जुळवून बघितल्या, आणि काय सापडलं! ऑपरेशनची तारीख. बायकोच्या वहीत ११. सासूबाईंच्या वहीत १९. मेहुण्याच्या वहीत १९. माझ्या वहीत १९. लेक ऑफलाइन.

म्हणजे तीन विरुद्ध एक. नेटवर्कने चुकीचा नोड आपोआप उघडा पाडला! यासाठी लोक कुठे कुठे संशोधन करतात, आणि माझ्या डायनिंग टेबलावर हे घडलं. बायकोच्या वहीवर लाल स्टिकर लावला: दोषी नोड.

लेक म्हणाली, आईला फोन कर. मी म्हटलं, एकालाच विचारून खरं-खोटं ठरवायचं, तर पाच वह्या कशाला आणल्या? ती म्हणाली, तेच विचारतेय. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सासूबाई म्हणाल्या, की त्यांना तो दुसरा आकडा नक्की दिसला नव्हता. वर गोल होतं, खाली शेपूट होतं, एक असेल किंवा नऊ. बायकोचा एकही तसा गोलमटोलच असतो. म्हणाल्या, छापखान्यात शंका आली की मूळ प्रत बघायची, आणि तरी शंका राहिली तर लिहिणाऱ्याला विचारायचं. मी त्यांना शांतपणे समजावलं, की ब्लॉकचेनमध्ये मूळ प्रत नसते. सगळ्या प्रती सारख्याच, आणि बहुमत म्हणेल ते खरं. त्यांनी वही मिटली आणि भिंग डबीत ठेवलं. पटलं असावं.

शिवाय ११ला तर माझं प्रेझेंटेशन. १९ सगळ्याच दृष्टीने सोयीची आहे.

७.१०. बायकोचा मेसेज: उद्याचं लक्षात आहे ना? तिथे रेंज नसते, तरी आठवणीने पाठवला. बघा, वरवर चिडते, पण माझ्या प्रेझेंटेशनची तिला काळजी आहे. मी लिहिलं: पूर्ण तयारी. तिचा अंगठा आला.

मन भरून आलं.

११ एप्रिल, दुपारी १२.२०

प्रेझेंटेशन अप्रतिम झालं. काही गोष्टी समजायला वेळ लागेल, एवढंच.

होयबा आधी बोलला. दहा मिनिटं. थर्मामीटर, थर्मामीटर, थर्मामीटर. मग मी. पाच वह्या टेबलावर मांडल्या. चहाचा वेग सतरा मिनिटांवरून पावणेदोनवर कसा आणला, ते सांगितलं. लोक हसले, म्हणजे त्यांना आवडलं. मग हुकमाचं पान काढलं: ११ आणि १९. दोषी नोड कसा सापडला.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. विचारलं, हॉस्पिटलचा फोन कुणी घेतला होता. मी म्हटलं, दोषी नोडने. विचारलं, बाकीच्यांनी कुठून लिहिलं. मी म्हटलं, एकमेकांच्या वहीतून. विचारलं, फोन घेणारीला कुणी विचारलं का. मी म्हटलं, बाई, ते केंद्रीकरण झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, की एखाद्या खोक्यातली लस खराब झाली आणि तिघांनी ती चांगली आहे असं लिहिलं, तर ती चांगली होते का. मी उत्तर द्यायच्या आतच त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. म्हणाल्या, आज अकरा तारीख आहे. तुम्ही आत्ताच्या आत्ता घरी जा.

अर्धा दिवस सुट्टी! स्वतःहून! होयबाला नाही दिली. मी वाटेत केस कापून घेतले. प्रमुखाने नीटनेटकं दिसायला हवं.

फोन सायलेंटवर होता. अनोळखी नंबरवरून चार मिस्ड कॉल, पहिला ८.२०चा. आजकाल या जाहिरातवाल्यांनी डोक्याला ताप केलाय.

१२ एप्रिल, दुपारी

बायको आली. दारातच आईच्या डोळ्यांकडे बघितलं. पट्टी नाही, काही नाही. बॅग खाली ठेवली. मला काहीच बोलली नाही, आणि हे फार वाईट.

ती बोलत असती तर मी सांगितलं असतं, की चूक कुणा एकाची नाही. तिने एकावरचं डोकं इतकं गोल काढायला नको होतं. सासूबाईंनी भिंग पुसून घ्यायला हवं होतं. मेहुण्याने वाचायला हवं होतं. लेकीने राजीनामा द्यायला नको होता. हॉस्पिटलनेही असली संशयास्पद तारीख कशाला द्यावी? बारा दिली असती तर काही झालंच नसतं.

बायकोने एक फोन केला. मायक्रोफोनवर बोलतात तसं बोलली. नवीन तारीख: २ जून. सात आठवडे.

सासूबाई म्हणाल्या, असू दे, चार महिने थांबले, आणखी थोडं. मग आत जाऊन पलंगावर बसल्या. त्यांच्या उशाशी एक पुस्तक होतं, ऑपरेशननंतर वाचायचं म्हणून काढून ठेवलेलं. ते त्यांनी परत कपाटात ठेवलं. हाताने चाचपून.

मला कसंसंच झालं. उन्हामुळे असेल.

१४ एप्रिल

होयबा नोंद विभागाचा प्रमुख. ठीक आहे. नवीन विचारांना पहिल्यांदा विरोध होतोच. मला थर्मामीटर तपासणीचं काम दिलंय. रोज चाळीस थर्मामीटर, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. होयबाने वर विचारलं, की चालेल ना तुम्हाला. मी होय म्हटलं. जिभेवर दुसरा शब्दच येईना.

१५ एप्रिल

घरी बैठक. लेकीने वही फ्रिजवरून उतरवली आणि नेटवर्कमध्ये परत आली. मला भरून आलं. मग तिने ठराव मांडला: २ जूनपर्यंत बाबांनी रोज संध्याकाळी आजीला एक तास वाचून दाखवायचं. चार सह्या. मी विरोध नोंदवला. चार विरुद्ध एक. बहुमत म्हणेल ते खरं, हा नियम माझाच, असं मेहुण्याने लक्षात आणून दिलं. या वेळी त्याने वाचून सही केली होती.

३ मे

पुस्तक, पान ११२. घसा बसला. कुठे थांबायचं, कुठे नाही, यावर त्या मला अडवतात. आज पूर्णविराम खाल्ला म्हणून सगळा परिच्छेद परत वाचायला लावला. डोळे मिटून ऐकतात आणि तरी चूक पकडतात. म्हणे, नऊ ठिकाणी अडखळलात. नऊ की एक, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही.

कानाला खडा. पुन्हा कुठलाही प्रयोग करणार नाही.

२० मे

नवीन कल्पना सुचली होती. लिहीत नाही.

२ जून

डावा डोळा झाला. मी पहाटे साडेपाचला तयार होतो. तारीख बायकोला तोंडी विचारून घेतली होती. दोनदा. हॉस्पिटलला फोन करून पुन्हा एकदा. त्या रिसेप्शनिस्टने शेवटी विचारलं, की तुमचा आमच्यावर विश्वास नाही का.

८ जून

पट्टी निघाली. सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, जावईबापू, तुमचे केस किती पांढरे झाले! मी म्हटलं, गेल्या दोन महिन्यांत. सगळे हसले. बायकोसुद्धा. ११ एप्रिलनंतर पहिल्यांदाच.

आज त्यांना वाचायला काहीतरी हवं होतं. पुस्तक माझ्या तोंडून ऐकून संपलेलं. लेकीने कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढून दिला. चांगलं झालं. प्रयोगाचं निदान कुणीतरी नीट परीक्षण करील.

९ जून, संध्याकाळी

ही वही सापडेना. सकाळपासून शोधतोय. शेवटी सासूबाईंच्या टेबलावर मिळाली. काल रात्री लिहून झाल्यावर मीच ती गठ्ठ्यावर ठेवून दिली असणार. गठ्ठ्यात पाच नव्हे, सहा निळ्या वह्या होत्या.

त्यांनी सगळी वाचली. पहिल्या पानापासून. लाल पेन्सिलीने प्रूफ तपासल्यासारखी. तेहेतीस चुका काढल्यात, सगळ्या बरोबर. एकाही विधानाला हात लावलेला नाही, फक्त शुद्धलेखन. १० एप्रिलच्या पानावर समासात एवढंच: मूळ प्रत पाहावी.

आणि वहीच्या पाठच्या पुठ्ठ्यावर: वाचले. खाली चार सह्या. सासूबाई, बायको, लेक, मेहुणा. माझी खासगी रोजनिशी! बायकोला विचारलं, किती वेळ लागला सगळ्यांना. म्हणाली, एका दुपारीत झालं. मेहुणा तर दोनदा वाचून गेला. नेटवर्क याहून चांगलं कधी चाललं नव्हतं.

मी तणतणत सासूबाईंकडे गेलो. म्हटलं, एवढं बारीक तपासलंत, मग १२ एप्रिलच्या पानावर ही खूण कसली? तिथे चूक कुठेय? पानाच्या शेवटी, उन्हामुळे असेल असं लिहिलंय, त्याच्यापुढे त्यांनी लाल काकपद, कावळ्याच्या पावलासारखी खूण, काढलंय. त्या म्हणाल्या, तिथे शब्द गळलाय. मी विचारलं, कोणता. म्हणाल्या, तो लिहिणाऱ्यालाच माहीत असतो.

त्या डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या. उजव्याची तारीख अजून यायचीय.

मग पेन घेतलं आणि त्या खुणेपाशी लिहिलं: चूकलो.

त्यांनी वही जवळ ओढली, लाल पेन्सिलीने ऊकार ऱ्हस्व केला आणि परत दिली. म्हणाल्या, हेसुद्धा चुकलंच.